आकड्यांच्या तलवारी

भोपाळ शहरात २०२२ या एकाच वर्षी परस्परविरुद्ध वाटाव्यात अशा दोन गोष्टी घडल्या. वर्षारंभी, जानेवारीत, एका शाळकरी मुलाच्या दुर्दैवी मृत्यूनंतर ऑनलाइन खेळांचा प्रश्न घरोघरी चर्चिला जाऊ लागला आणि अशा खेळांवर नियंत्रण घालणारा कायदा आणण्याचा मनोदय राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी बोलून दाखविला. पुढे त्याच वर्षी राज्य शासनाच्या क्रीडा खात्याने ई-स्पोर्ट्सची, म्हणजे पडद्यावरील खेळांच्या चढाओढीची, राज्य अकादमी भोपाळ येथे काढण्याचे जाहीर केले. वर्ष सरता सरता, डिसेंबरमध्ये, केंद्र शासनानेही ई-स्पोर्ट्स हा बहुक्रीडा स्पर्धांतील एक प्रकार म्हणून मान्य केला. एकीकडे भय, दुसरीकडे गौरव; आणि या दोहोंच्या मध्ये उभे आहेत ते आईबाप, ज्यांना मुलाच्या हातातील पडद्यावर नेमके काय चालले आहे याचा मुळीच उलगडा होत नाही.

हा उलगडा व्हावा, निदान त्याच्या एका भागाचा व्हावा, एवढाच येथे हेतू आहे. व्हिडिओ गेमचे प्रकार पुष्कळ. काहींत नेम व बोटांची चपळाई लागते. स्पर्धांतून बहुधा असेच खेळ खेळले जातात. परंतु दुसरा एक मोठा वर्ग आहे तो अद्भुत कथांवर रचलेल्या भूमिकांच्या खेळांचा. मुले त्यांस 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. येथे खेळणारा एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची किंवा धनुर्धराची भूमिका घेतो, रानावनांतून व भुयारांतून हिंडतो, राक्षसांशी लढतो. या लढाईत हाताच्या वेगाला फारसे महत्त्व नसते. वार लागला की चुकला, लागला तर किती खोल लागला, हे सारे आकडे ठरवितात. पडद्यावर राक्षसाच्या डोक्यावरून जे लाल-पिवळे अंक उडताना दिसतात, ते त्या हिशेबाचे उत्तर होय. उत्तर सर्वांना दिसते. हिशेब मात्र फार थोड्यांना माहीत असतो. आणि ज्याला हिशेब येत नाही तो खेळत नसतो, खेळविला जात असतो.

प्रथम ही कल्पना आली कोठून ते पाहू. बुद्धिबळ हा युद्धाचाच खेळ आहे, पण त्यात वाराला संशय नाही. प्याद्याने वजीर मारला की तो मेलाच. प्यादे दुबळे म्हणून वार फुकट जात नाही. खऱ्या रणांगणावर असे घडत नाही, ही उणीव प्रशियाच्या सैन्यातील गेऑर्ग फॉन राइसविट्स या अधिकाऱ्याने ओळखली. त्याने १८२४ साली 'क्रीगश्पील' या नावाचा युद्धखेळ रचला. नकाशावर पलटणी मांडावयाच्या, चकमक झाली की फासा टाकावयाचा, आणि कोष्टकात पाहून कोणाची किती हानी झाली ते मोजावयाचे. फाशाने दैव आणले व कोष्टकाने बळ आणले. हा खेळ प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला गेला.

पुढे दीडशे वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पलटणीच्या जागी एकटा वीर आला. त्याचे बळ, चापल्य, कणखरपणा, बुद्धी असे गुण अंकांत लिहिले जाऊ लागले. वीराची कुंडलीच जणू एका कागदावर मांडली गेली. भेद इतकाच की, ही कुंडली ग्रहांवरून नव्हे तर बेरीज-वजाबाकीवरून फळ सांगे. संगणक आल्यावर हे कोष्टक चाळण्याचे काम यंत्राने स्वतःकडे घेतले. जपानात १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' निघाला, १९९६ साली 'पोकेमॉन' निघाला, आणि २०२३ साली गाजलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळात तर तो जुना वीस पैलूंचा फासा पडद्यावर गडगडताना प्रत्यक्ष दाखविला जातो.

आता हिशेबाकडे वळू. एका वीराची कल्पना करावी. त्याच्याजवळ मुख्य अंक चार. पहिला प्राणांक, म्हणजे किती मार सोसल्यावर तो पडेल तो आकडा. दुसरा नेमाचा अंक, म्हणजे वार लागण्याची शक्यता. तिसरा इजेचा अंक, म्हणजे लागलेला वार समोरच्याचे किती प्राणांक हिरावून घेईल तो आकडा. चौथा बचावाचा अंक, म्हणजे चिलखत, ढाल व चपळाई यांमुळे शत्रूचा वार चुकविण्याची किंवा बोथट करण्याची शक्ती. बहुतेक खेळांतील शेकडो बारीकसारीक आकडे शेवटी या चारांपैकी कोणत्या तरी एकास जाऊन मिळतात. सर्पविष, अग्निबाण, मंतरलेला मुकुट, काहीही असो, मुलाला विचारावयाचे ते इतकेच की, यामुळे या चारांपैकी कोणता अंक हलतो?

समजा, वीराने वीस पैलूंचा फासा टाकला आणि समोरच्या राक्षसाला वार लागण्यासाठी १३ किंवा त्याहून अधिक दान पडावे लागते. १३ पासून २० पर्यंत दाने होतात आठ. म्हणजे वीसांपैकी आठ वेळा, शेकडा ४० वेळा, वार लागणार. लागलेला वार किती इजा करतो? त्यासाठी आठ पैलूंचा फासा टाकावयाचा आणि आलेल्या दानात बळाचे ३ मिळवावयाचे. आठ पैलूंच्या फाशाची सरासरी साडेचार. त्यात ३ मिळविले की साडेसात. पण शंभरांतले चाळीसच वार लागतात, म्हणून दर खेळीची खरी सरासरी साडेसातांचे शेकडा ४०, म्हणजे ३. समोरच्या राक्षसाचे प्राणांक ३० असतील, तर त्यास पाडावयास सुमारे दहा खेळ्या लागतील.

आता बाजारात दोन तलवारी विकावयास आहेत. एक नेमकी तलवार. ती फाशाच्या दानात २ वाढविते. दुसरी जड तलवार. ती लागलेल्या वाराच्या इजेत २ वाढविते. मोल सारखेच. मुलाने कोणती घ्यावी? बहुतेक मुले जड तलवार घेतात, कारण उडणारा अंक मोठा दिसतो. पण हिशेब करून पाहावा. नेमक्या तलवारीने १३ च्या जागी ११ पुरतात. वार शेकडा ४० च्या जागी ५० वेळा लागतो. सरासरी होते पावणेचार. जड तलवारीने वार चाळीसच वेळा लागतो, पण साडेसाताच्या जागी साडेनऊ इजा करतो. सरासरी होते ३.८. दोन्ही जवळजवळ सारख्याच!

परंतु राक्षस बदलला की निवाडा बदलतो. पोलादी चिलखताचा राक्षस समोर आला आणि १७ चे दान लागू लागले, तर साध्या हाताने शेकडा २० वार लागतील. अशा वेळी नेमकी तलवार ते प्रमाण ३० वर नेते आणि सरासरी सव्वादोन होते. जड तलवारीची सरासरी मात्र १.९ वरच राहते. उलट उघड्या अंगाचा, ढिला राक्षस असेल आणि ५ चे दान पुरत असेल, तर वार शेकडा ८० लागतात. तेथे नेमकी तलवार ६.७५ देते आणि जड तलवार ७.६ देते. म्हणजे चिलखतवाल्याशी नेम हवा, उघड्याशी जोर हवा. 'उत्तम तलवार कोणती' या प्रश्नाला उत्तरच नाही. 'कोणाविरुद्ध' हे विचारल्यावाचून तो प्रश्न अपुरा आहे. एवढी एक गोष्ट मुलाला उमगली, तर ती पुढे खेळाबाहेरही त्याच्या उपयोगी पडेल.

लढाई दोघांची असते, हेही विसरून चालणार नाही. आपल्या वीराचे प्राणांक २७ आहेत आणि राक्षस दर खेळीला सरासरी ३ हिरावतो असे धरू. मग वीर नऊ खेळ्यांत पडणार. जुन्या तलवारीने राक्षसास पाडावयास दहा खेळ्या लागत होत्या. म्हणजे वीर एका खेळीने हरतो. नेमक्या तलवारीने तेच काम आठ खेळ्यांत होते. म्हणजे वीर एका खेळीने जिंकतो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की तलवारीने चमत्कार केला. चमत्कार कसला? दहा आणि आठ यांच्यामध्ये नऊ होते, इतकेच. अर्थात सरासरी म्हणजे भविष्य नव्हे. एखाद्या वेळी फासा उलटही पडेल. पण शंभर लढायांचा जमाखर्च मांडला, तर तो या हिशेबापासून फार दूर जाणार नाही.

चिलखताचा हिशेब खेळाखेळांत वेगळा असतो, आणि तेथेच पुष्कळ मुले फसतात. काही खेळांत चिलखताचा अंक इजेतून वजा होतो. अशा ठिकाणी ८ अंकांचे चिलखत घातलेल्या राक्षसावर १० इजेचे चार वार केले, तर प्रत्येक वारातून २ उरतात व एकूण ८ इजा होते. तोच ४० इजेचा एकच वार केला, तर ३२ इजा होते. म्हणजे वजाबाकीच्या राज्यात एक घाव दोन तुकडे करणारा लोहार शहाणा, टुकटुक करणारा सोनार वेडा. दुसऱ्या काही खेळांत चिलखत इजा शेकड्याने कमी करते. समजा निम्मी करते. तेथे चार लहान वार व एक मोठा वार यांत काहीच भेद उरत नाही, दोहोंनी २० च इजा होते. मग एकाच युक्तीने एका खेळात जिंकणारा मुलगा दुसऱ्या खेळात का हरतो, हे कोडे राहत नाही. खेळाचे नाव बदलले नाही, तेथील गणिताची क्रिया बदलली.

आणखी एक मोह आहे तो मोठ्या आकड्यांचा. खेळ पुढे सरकला की वीराची पातळी वाढते, आणि जेथे पूर्वी १० इजा होत असे तेथे १,००० होऊ लागते. मुलाची छाती फुगते. पण त्याच वेळी राक्षसाचे प्राणांकही १०० वरून १०,००० वर गेलेले असतात. दहा वार पूर्वीही लागत होते, दहा आताही लागतात. पगार दुप्पट आणि धान्यही दुप्पट महाग झाले, तर घरात काय भर पडली, हे ज्या गृहिणीला कळते तिला हा डाव समजावून सांगावा लागणार नाही. मुलाला इतकेच विचारावे की, किती वारांत राक्षस पडतो? वार कमी झाले असतील तर वीर खरोखर वाढला. नसतील तर केवळ शून्ये वाढली.

आता दैवाकडे येऊ. आपल्याकडे सारीपाट व पंचवीस यांच्या खेळात कवड्या टाकण्याची जुनी चाल आहे. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर सहा कवड्यांच्या ६४ परी होतात. त्यांपैकी तीन उताण्या व तीन पालथ्या अशा २० परी आहेत, आणि सहाही उताण्या पडण्याची परी एकच आहे. म्हणून मधली दाने वरचेवर पडतात आणि मोठे दान क्वचित पडते. खेळातील जी तलवार एकाच फाशावर इजा ठरविते ती लहरी असते. जी दोन-तीन फाशांच्या बेरजेवर ठरविते ती भरवशाची असते. संकटात सापडलेल्याने लहरी तलवार धरावी, कारण त्याला चमत्कारच हवा असतो. ज्याची बाजू वरचढ आहे त्याने भरवशाची धरावी. हा नियम कवड्या खेळणाऱ्या आजीबाईंनाही शब्दांवाचून ठाऊक होता.

परंतु दैवाविषयी एक समजूत मात्र आजीपासून नातवापर्यंत चुकीची चालत आली आहे. पाच वार ओळीने चुकले की मुलगा म्हणतो, 'आता सहावा लागलाच पाहिजे.' का बरे? शेकडा ४० नेम असताना पाच वार ओळीने चुकण्याची शक्यता शेकडा ८ च्या जवळपास, म्हणजे साधारण तेरांत एकदा आहे. तासभराच्या खेळात असे दोन-तीनदा सहज घडेल. त्यात कपट नाही. आणि सहावा वार? त्याचा नेम तोच, शेकडा ४०. फाशाला मागचे आठवत नाही. त्याच्या पोटात दया नाही, तसा दावाही नाही. 'आता तरी लागेल' या एका वाक्याने जितकी घरे बुडविली असतील, तितकी क्वचितच दुसऱ्या वाक्याने बुडविली असतील.

मनुष्याची ही दुर्बळता खेळ रचणारे पुरते ओळखून असतात. सिड मायर या प्रसिद्ध खेळकाराने २०१० साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे बोलताना सांगितले की, आपले बळ शत्रूच्या तिप्पट असताना आपण एखादेवेळी हरलो, तर खेळणाऱ्यांना तो अन्याय वाटतो, जरी हिशेबाने तसे हरणे चारांतून एकदा येणारच असले तरी. यावर उपाय म्हणून काही खेळांत फासा मुद्दाम कलता ठेवतात. 'फायर एम्ब्लेम' या जपानी खेळाच्या २००२ सालच्या भागापासून दोन गुप्त दाने टाकून त्यांची सरासरी घेण्याची रीत आली; त्यामुळे पडद्यावर शेकडा ९० लिहिलेला वार प्रत्यक्षात शेकडा ९८ वेळा लागतो. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये ओळीने वाईट दाने पडू नयेत अशी सोय मुळातच चालू असते. ज्याला निखळ फासा हवा त्याला ती बंद करता येते. यात खेळणाऱ्याला सुख देण्याचाच हेतू असतो. पण यातून मुलाच्या मनावर ठसते ते असे की, ९० म्हणजे जवळजवळ नक्कीच. जगातले ९० तसे नसतात. तेथे दहांतून एकदा चुकतेच.

येथवर जो फासा पाहिला तो प्रामाणिक असो वा थोडा कलता असो, तो खेळाच्या आतला होता. हरल्यास वीर पडे आणि पुन्हा उठे. घरचे काही जात नसे. परंतु अलीकडे या खेळांत दुसरा एक फासा शिरला आहे, आणि तो विकला जातो. मोबाईलवरील कित्येक भूमिका-खेळ फुकट मिळतात. मात्र उत्तम तलवार वा दुर्मिळ वीर हवा असेल तर पैसे भरून बंद पेटी उघडावी लागते. पेटीत काय निघेल ते दैवावर. यास कोणी 'लूट बॉक्स' म्हणतात, जपानी लोक 'गाचा' म्हणतात. आधी राक्षस इतका बळकट करावयाचा की वर दाखविलेले नऊ आणि दहांचे गणित मुलाच्या विरुद्ध जावे. मग त्याच्यापुढे पेटी धरावयाची. अडचणही त्यांचीच आणि औषधही त्यांचेच.

या पेटीचा हिशेबही मांडून पाहू. दुर्मिळ तलवार निघण्याची शक्यता शेकडा एक आहे असे लिहिलेले असते. मुलगा समजतो की शंभर पेट्या उघडल्या की ती मिळणारच. वस्तुतः शंभर पेट्या उघडणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ६३ जणांना ती मिळेल आणि ३७ जण रिकाम्या हातांनी राहतील. एका पेटीस ५० रुपये धरले तर त्या प्रत्येकाचे ५,००० रुपये गेलेले असतील. शंभरावी पेटी रिकामी निघाल्यावर एकशेएकाव्या पेटीची शक्यता? तीच, शेकडा एक. खेळाने स्वतःहून काही हमी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी. सहा तुकडे जमवा म्हणजे बक्षीस, अशा योजनेचा डाव तर याहून खोल असतो. सहाही तुकडे सारख्या शक्यतेचे असले तरी संच पुरा व्हावयास सरासरीने १५ च्या जवळपास पेट्या लागतात, आणि त्यांतल्या सहा पेट्या केवळ शेवटच्या एका तुकड्यासाठी जातात. 'आता एकच राहिला' असे ज्या क्षणी वाटते, तेव्हाच वाट सर्वांत लांब झालेली असते.

म्हणूनच जपानच्या ग्राहकविषयक खात्याने २०१२ साली संच जमविण्याची ही योजना बेकायदा ठरविली. चीनमध्ये २०१७ पासून पेटीतील वस्तूंची शक्यता उघड लिहिण्याचे बंधन आले. बेल्जियमने २०१८ साली पैसे देऊन उघडावयाच्या अशा पेट्यांना जुगारच म्हटले. आपल्या संसदेनेही २०२५ साली ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. पण पेटीतून पैसे निघत नाहीत, चित्रातील तलवार निघते. कायद्याचा हात जेथे पोचेल तेथे पोचो. मुलाच्या मनातील 'आता तरी निघेल' हे वाक्य पुसण्याचे काम कोणत्याही कायद्याला साधणारे नाही. ते काम घरातले आणि शाळेतले आहे.

याविषयी आपल्या परंपरेत एक सुंदर कथा आहे. महाभारताच्या वनपर्वातील नळराजाची कथा मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, कारण दमयंती ही विदर्भाची लेक. फाशांच्या पायी नळाने राज्य घालविले, हे सर्वांस ठाऊक आहे. तो परत कसा उठला, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. सारथ्याच्या वेषात तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला रथातून विदर्भाकडे नेत होता. वाटेत बेहड्याचे झाड दिसले. ऋतुपर्णाने चालत्या रथातून त्याची पाने व फळे किती ते सांगितले. नळाने रथ थांबविला. त्याने राजाच्या शब्दावर नुसता विश्वास ठेवला नाही, की त्यास थोतांडही म्हटले नाही. झाड पाडून त्याने मोजून पाहिले, आणि आकडा बरोबर निघाला. तेव्हा ऋतुपर्णाने त्याला फाशांची व गणनेची विद्या दिली आणि नळाकडून अश्वविद्या घेण्याचे ठरले. कथा सांगते की, ती विद्या मिळताच त्याच्या देहात दडलेला कली बाहेर पडला.

भोपाळच्या भोवती विंध्याच्या रानात बेहड्याची झाडे आजही आहेत. त्या झाडाखालची ती गोष्ट आजच्या आईबापांस नेमकी वाट दाखविते. नळाला कोणी फासे जाळावयास सांगितले नाहीत. कोणी पुन्हा खेळण्यास उत्तेजनही दिले नाही. त्याला मोजावयास शिकविले. मोह हा अज्ञानाच्या आश्रयाने राहतो; मोजणी सुरू झाली की त्यास घर सोडावे लागते. भोपाळमध्ये त्या एका वर्षात भयाची भाषा झाली आणि गौरवाची भाषाही झाली. दोन्हींची गरज असेल. पण त्या दोहोंच्या मध्ये मोजणीची भाषा आली नाही, तर भय व्यर्थ जाईल आणि गौरव फसवा ठरेल.

यासाठी आईबापांनी खेळात प्रवीण होण्याचे कारण नाही. मुलगा किंवा मुलगी खेळावयास बसली असता एखाद्या संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसावे आणि चार साधे प्रश्न विचारावेत. शंभरांतले किती वार लागतात? लागलेला वार सरासरी किती इजा करतो? समोरचा पडावयास किती खेळ्या लागतील आणि आपण किती टिकू? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा: हा फासा कोणाच्या हातात आहे, आणि तो टाकण्याचे पैसे कोण घेतो? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मूल हौसेने देईल, कदाचित आईबापांनाच शिकवील. चौथ्या प्रश्नापाशी ते थोडे थांबेल. त्या थांबण्याची घाई करू नये. वहीत शंभर पेट्यांचा हिशेब त्यालाच मांडू द्यावा आणि उत्तर त्याच्याच हाताने लिहू द्यावे.